ख्रिस्तराजाचा सण आणि सोमवारची सही

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. दरवर्षी ख्रिस्तराजाच्या सणाला आम्ही सगळे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जातो, मिरवणुकीत चालतो, जयजयकार करतो. यंदा माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने विचारले, 'लोकशाहीत राहता आणि राजा कसला मानता? आणि मानता तर तुमच्यात काय फरक पडतो?' मला उत्तर देता आले नाही. मी एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. मागची तारीख टाकलेल्या व्हाउचरांवर माझी सही असते, साहेब सांगतात म्हणून करतो. माझे मेहुणे म्हणतात, देशाचा कायदा ख्रिस्ताच्या नावाने व्हावा म्हणून झटेल तोच खरा कॅथलिक. पत्नी म्हणते, हे सगळे राहू द्या, रोज संध्याकाळी रोझरी म्हटली तरी पुष्कळ. ख्रिस्ताला राजा मानायचे म्हणजे आजच्या माणसाने नेमके करायचे काय? ता.क. तसबिरीची काच तडकली आहे आणि चित्रही विटले आहे. नवी आणली तर जुनीचे काय करावे?"

प्रिय बंधू,

पत्रातली सर्वांत वजनदार गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. ती म्हणजे व्हाउचरांवरची सही. तिच्याकडे आम्ही सावकाश येऊ. पण मुलाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो टांगता ठेवणे बरे नाही. सतराव्या वर्षी मुलगा बापाला असे तोंडावर विचारतो, तेव्हा बापाकडे उत्तर असेल असे त्याला अजून वाटते.

'राजा' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे सिंहासन आणि जुना जमाना येत असणार. त्याला सांगा की हा सण मुळी जुना नाहीच. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी 'क्वास प्रिमास' हे परिपत्रक, म्हणजे सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेले पत्र, काढून तो सुरू केला. पहिले महायुद्ध संपून तेव्हा सात वर्षे झाली होती. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया इथली राजघराणी १९१७-१८ मध्ये कोसळली होती. १९२२ पासून इटलीची सत्ता मुसोलिनीच्या हातात होती. खुद्द पोपकडे १८७० पासून राज्य उरले नव्हते. व्हॅटिकन स्वतंत्र राज्य झाले ते पुढे १९२९ मध्ये. तेव्हा गेलेली राजेशाही परत आणावी म्हणून हा सण निघाला, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. राजे गेले आणि रिकाम्या जागी राष्ट्र, पक्ष आणि नेता येऊन बसू लागले. तेही अशा थाटात की माणसाने आपला विवेकसुद्धा त्यांच्या पायाशी ठेवावा. त्या मागणीला हा सण हे उत्तर होते. याच पोपनी १९३१ मध्ये फॅसिस्टांच्या आणि १९३७ मध्ये नाझींच्या विरोधात परिपत्रके काढली. त्यांतले दुसरे जर्मन भाषेत लिहिलेले होते. ते गुपचूप जर्मनीत पोहोचवले गेले आणि झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तिथल्या चर्चमधून वाचून दाखवले गेले.

म्हणून मुलाला सांगायचे ते हे: ख्रिस्त राजा आहे, तर दुसरा कोणीही माणसाचा पूर्ण मालक नाही. सरकार नाही, पक्ष नाही, साहेब नाही, बापही नाही. कारभार कोणी करायचा हे लोकशाहीत मतांनी ठरते, आणि ते योग्यच आहे. पण खोटे बोलणे बरोबर की चूक, दुबळ्याला चिरडावे की नाही, याचा निकाल मतपेटीतून निघत नाही. बहुमतही चुकते. त्या वेळी 'नाही' म्हणायला ज्याच्यापाशी आधार आहे, असा नागरिक लोकशाहीला हवाच असतो.

'पण त्याला निवडले कोणी?' असे तो विचारील. परिपत्रकात याचे उत्तर दोन हक्कांनी दिले आहे. पहिला हक्क जन्माचा: तो देवाचा पुत्र आहे, सर्व काही त्याच्याद्वारे व त्याच्यासाठी निर्माण झाले. दुसरा हक्क कमावलेला: त्याने आपले रक्त देऊन आपल्याला सोडवले. आणि हे राजेपण तो कसे मिरवतो ते योहानाच्या शुभवर्तमानात एकदा मुलासोबत वाचा. सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव त्याला जबरदस्तीने राजा करायला निघतो, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. अठराव्या अध्यायात तो रोमन सुभेदार पिलातापुढे कैदी म्हणून उभा असतो, आणि तेव्हा आपल्या राज्याविषयी उघडपणे बोलतो. जमाव मुकुट द्यायला तयार होता तेव्हा नको म्हटले, आणि काट्यांचा मुकुट समोर दिसत असताना कबूल केले. असा राजा हुकूमशहांच्या रांगेत बसत नाही, हे सतरा वर्षांच्या मुलाला समजते.

आता तुमचे मेहुणे. ते अगदीच चुकत आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ख्रिस्ताचे राज्य फक्त खाजगी भक्तीपुरते आहे, समाजाशी आणि सत्तेशी त्याचा संबंध नाही, असे परिपत्रक म्हणत नाही. राज्यकर्त्यांनीही त्याला जाहीर मान द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि कॅथलिक धर्मशिक्षणात हा विचार आजही आहे. 'माझे राज्य या जगाचे नाही' या वाक्याचाही लोक उलटा अर्थ लावतात. मूळ ग्रीक शब्दरचनेत 'या जगातून आलेले नाही' असा भाव आहे. राज्याचा उगम इथला नाही, एवढेच प्रभू सांगतो. इथल्या कारभाराशी त्याला देणेघेणे नाही, असे तो म्हणत नाही.

मेहुण्यांची चूक पुढच्या पावलात आहे. त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की हे राज्य मुख्यतः आध्यात्मिक आहे, आणि जो स्वर्गाचे राज्य देतो तो कोणाची पृथ्वीवरची राज्ये हिरावून घेत नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा मंजूर केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही, आणि कोणाला त्याच्या विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडता येत नाही, हे त्यात ठामपणे मांडले. व्यक्तीचे आणि समाजाचे सत्यधर्माविषयीचे कर्तव्य तसेच राहते, हेही त्यातच आहे. दोन्ही एकत्र धरायला जड जाते, म्हणून लोक सोयीचे एक उचलतात. मेहुण्यांना विचारा: ख्रिस्ताच्या नावाने ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले जात आहे, स्वतःच्या की दुसऱ्याच्या? प्रापंचिकांसाठी परिषदेने दाखवलेली वाट कष्टाची आहे. संसार, धंदा, शिक्षण, राजकारण यांत आतून शिरायचे आणि पिठात खमीर मुरते तसे काम करायचे. मत देण्यापूर्वी उमेदवाराच्या फलकावर क्रूस आहे का हे पाहू नका. न जन्मलेले मूल, वृद्ध, परका, कैदी आणि भुकेला यांच्याबाबत त्याने आजवर काय केले ते तपासा. ही यादी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या वळणाची आहे, आणि त्या अध्यायातला न्यायाधीश राजाच आहे.

आता तुमची सही.

'मागची तारीख' या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या गोष्टी लपतात. खर्च खरोखर झाला होता, व्हाउचर करायचे राहून गेले, आणि आज ते करताना 'अमुक दिवशीचा खर्च, नोंद आज केली' असा खुलासा लिहून आजची तारीख घातली, तर त्यात खोटे काही नाही. खर्च झालाच नाही, किंवा होता त्याहून फुगवला, किंवा कर वाचवण्यासाठी सरलेल्या वर्षात ढकलला आणि कागदावर जुनी तारीख टाकली, तर ते लेखी खोटे आहे. त्यावर सही करणारा त्या खोट्याचा साक्षीदार होतो. 'साहेबांनी सांगितले' यामुळे दोषात वाटेकरी वाढतो, तुमचा वाटा नाहीसा होत नाही.

ख्रिस्तसभेचे, म्हणजे चर्चचे, नीतिशास्त्र इथे एक उपयोगी भेद करते. दुसऱ्याच्या वाईट कामात आपण दोन तऱ्हांनी सामील होतो. एक, त्या वाईटालाच संमती देऊन त्यात हात घालणे. हे कधीच चालत नाही. दुसरी, आपले निर्दोष काम करत असताना त्याचा उपयोग दुसऱ्याने वाईटासाठी करून घेणे. इथे आपण त्या कृत्याच्या किती जवळ आहोत, आपल्यावाचून ते अडले असते का, आणि आपल्याकडे कारण किती मोठे होते, हे तोलावे लागते. मंजूर झालेले आकडे संगणकात भरणारा तुमचा सहकारी बहुधा दुसऱ्या गटात मोडेल. खोटे आहे हे ठाऊक असताना 'तपासले, बरोबर आहे' म्हणून सही करणारा पहिल्या गटात येतो.

मग सोमवारी काय करायचे? त्याची तयारी रविवारीच करा. पत्नीला सगळे सांगा, कारण याची किंमत तिलाही मोजावी लागू शकते. घरखर्च कागदावर मांडा आणि नोकरी गेलीच तर किती महिने निभेल ते पाहा. हे भ्याडपण नव्हे. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूच सांगतो. मग साहेबांना एकटे गाठा आणि थोडक्यात बोला: "यापुढे मी खऱ्या तारखेनेच सही करीन. राहून गेलेले खर्च आजच्या तारखेने, खुलासा जोडून, मी व्यवस्थित बसवून देतो." यातले दुसरे वाक्य विसरू नका. नुसता नकार दिला तर साहेबांना वाट उरत नाही. काम नीट करून देण्याची तयारी दाखवली तर ती उरते. देवाधर्माचा विषय स्वतःहून काढू नका, कोणी विचारले तर मात्र लपवूही नका. दबाव आला तर 'मला हे लेखी द्या' एवढेच म्हणा. तोंडी हुकूम कागदावर उतरवायची वेळ आली की पुष्कळदा तिथेच विरतो. तेवढ्याने भागले नाही तर लेखापरीक्षकांकडे जाण्याचा रस्ता आहे. तारीखवार टिपण स्वतःजवळ ठेवा, पण कंपनीचे कागद घरी आणू नका.

हे बिघडते कुठे, तेही सांगतो. काहीजण उत्साहाच्या भरात सगळ्या खात्यासमोर बोलतात. मग भांडण खोट्या व्हाउचरचे न राहता दोघांच्या मानापमानाचे होते. काहीजण 'एवढी शेवटची' म्हणून एक सही करतात, आणि पुढच्या महिन्यात साहेबांकडे तीच नजीर असते. आणि सगळ्यांत फसवी युक्ती म्हणजे पूर्ण सही न करता नुसती आद्याक्षरे टाकून मनाची समजूत घालणे. त्या कागदावर आद्याक्षरांचा अर्थ सहीच असतो.

ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचे नाव तुमच्या मुलाला सांगा. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. बायको होती, लहान मुली होत्या. कुटुंबाचा विचार कर, असे त्याला त्याच्या बिशपांनीही सुचवले. तो मागे हटला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभेने २००७ मध्ये त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केले. तुमच्यापुढची किंमत त्याच्या जवळपासही नाही. पण त्याच्याकडे जी मागणी आली होती तिची जातकुळी हीच होती. आतून जे खोटे दिसते, त्याला बाहेरून होकार द्यायचा होता.

झालेल्या सह्यांसाठी पापनिवेदन करा, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करून क्षमा मागा. 'कामात थोडा अप्रामाणिकपणा झाला' असे मोघम सांगू नका. गंभीर पाप त्याच्या प्रकारासह आणि आठवेल तितक्या संख्येसह सांगायचे असते: किती वर्षे, महिन्याला साधारण किती कागद, कोणाचे नुकसान झाले. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज पुरतो. क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते. त्यातला पैसा तुमच्या खिशात आला असेल तर तो ज्याचा त्याला परत गेला पाहिजे. ते नाव न उघड करताही करता येते, धर्मगुरू वाट सुचवतील. पैसा तुम्हाला मिळाला नसेल पण तुमच्या सहीमुळे कोणी बुडाले असेल, तर तुमचा वाटा किती हे त्यांनाच विचारा. तुम्ही सांगितलेले ते कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. हा नियम अपवाद नसलेला आहे, म्हणून निर्धास्त बोला.

एवढे झाले की सणाकडे वळा, आता तो तुम्हाला वेगळा दिसेल. सुरुवातीला हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येत असे, सर्व संतांच्या सणाच्या अगदी आधी. जुन्या लॅटिन विधीत तो अजूनही तिथेच आहे. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये उपासनेची दिनदर्शिका सुधारली, आणि १९७० पासून तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी, २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. त्याचे पूर्ण नाव झाले 'आपला प्रभू येशू ख्रिस्त, विश्वाचा राजा'. लगेच पुढच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, लागतो. या बदलाने सणाला मोठी जागा मिळाली असे आमचे मत आहे. वर्षभर ऐकलेले शुभवर्तमान या दिवशी एका प्रश्नाशी येऊन ठेपते: शेवटी हिशेब कोणापुढे द्यायचा आहे?

वाचने तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात. सनाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला तर त्या वर्षीचा सण 'क' वर्षातला, एक उरला तर 'अ', दोन उरले तर 'ब'. 'अ' वर्षी मत्तयाचा पंचविसावा अध्याय असतो, मेंढरे आणि शेरडे वेगळी करणारा राजा. 'ब' वर्षी पिलातापुढचा येशू. 'क' वर्षी क्रूसावर शेजारी टांगलेला गुन्हेगार, जो म्हणतो, "तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर." शनिवारी रात्री जेवण झाल्यावर घरात ते शुभवर्तमान एकाने मोठ्याने वाचावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि वाचायला मुलाला सांगा.

मिस्साच्या वेळी एका प्रार्थनेकडे कान द्या. 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणण्याआधी धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात या राज्याचे वर्णन सात शब्दांत येते: सत्य, जीवन, पवित्रता, कृपा, न्याय, प्रेम, शांती. सणानंतरचा आठवडा उपासनावर्षाचा शेवटचा. रविवारपासून रोज एक शब्द घेऊन रात्री दोन मिनिटे दिवसाचा हिशेब पाहिला तर शनिवारी सातवा शब्द होतो. 'न्याय' गुरुवारी येईल. त्या दिवशी घरकामाला येणाऱ्या बाईंची मजुरी वेळेवर दिली का, इतक्या साध्या जागी तो शोधा.

गुडघा टेकण्याविषयीही सांगायला हवे, कारण राजाला मान द्यायची ही शरीराची खूण आहे आणि ती फार घाईने उरकली जाते. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, ठेवलेल्या पेटीसमोरून जाताना उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा असतो. बाकाला धरून कंबरेत किंचित वाकणे म्हणजे ते नव्हे. गुडघे दुखत असतील तर नीट, सावकाश वाकून नमन करावे, त्यात कमीपणा नाही. वाईट वाटते ते धडधाकट माणसाच्या अर्धवट उडीचे.

या दिवशी पोप लिओ तेरावे यांच्या काळापासून चालत आलेली एक प्रार्थना चर्चमध्ये सर्वांनी मिळून म्हणायची असते. त्यांनी १८९९ मध्ये सर्व मानवजातीचे येशूच्या पवित्र हृदयाला समर्पण केले होते, आणि ते दरवर्षी ख्रिस्तराजाच्या सणाला पुन्हा करावे असे पायस अकरावे यांनी ठरवले. ती प्रार्थना सणाच्या दिवशी सार्वजनिकरीत्या म्हटली तर पूर्ण दंडमाफी मिळते. पापाची क्षमा पापनिवेदनात होते. क्षमा झाल्यावरही पापामुळे भोगायचा जो ऐहिक दंड उरतो, त्याची ही माफी आहे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात नसतो. तिच्या अटी अशा: पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि लहानशा पापाचीही ओढ मनात न ठेवणे. पापनिवेदन त्याच दिवशी व्हायला हवे असे नाही, सुमारे वीस दिवस आधी किंवा नंतर झालेले चालते. पोपच्या हेतूंसाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि एक 'नमो मरिया' पुरते. शेवटची अट सर्वांत अवघड. ती पुरी झाली नाही तर माफी अंशतः मिळते. आणि म्हणूनच आम्ही सहीचे आधी सांगितले: सोमवारी पुन्हा तसाच कागद पुढे ओढायचा बेत मनात ठेवून ही प्रार्थना ओठांनी म्हणता येते, पण मनाने म्हणता येत नाही.

मिरवणूक असेल तर जरूर चाला. ती साक्ष आहे, आणि मेक्सिकोतले फादर मिगेल प्रो २३ नोव्हेंबर १९२७ रोजी गोळ्यांना सामोरे गेले ते ख्रिस्तराजाचा जयजयकार करतच. तो जयजयकार स्वतःचा जीव देणाऱ्याच्या तोंडचा होता, एवढे रस्त्यावर ओरडताना लक्षात असू द्या. आवाज शेजाऱ्यांवर जरब बसवण्यासाठी निघू लागला की ती मिरवणूक त्याची राहत नाही.

तुमच्या पत्नीचे म्हणणे आम्ही हलके धरत नाही. रोज संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणणारे घर म्हणजे रोज काही मिनिटे दुसऱ्या कोणाच्याही हुकमाखाली नसलेले घर. फक्त 'तेवढे पुष्कळ' यातला 'पुष्कळ' आम्ही मान्य करणार नाही. पायस अकरावे यांनी परिपत्रकाच्या शेवटी राजाने कुठे कुठे राज्य करावे ते सांगितले आहे: बुद्धीत, इच्छेत, हृदयात आणि शरीरात. रोझरी हृदय सांभाळील. बुद्धीला शुभवर्तमानाचे वाचन लागते, रोज दहा ओळी का असेना. इच्छेची परीक्षा होते ती आज्ञा आणि सोय समोरासमोर येतात तिथे, म्हणजे तुमच्या टेबलावर. आणि शरीर म्हणजे झोप, जेवण, दारू, मोबाइलचा पडदा, डोळे. इथे स्वतःवर ताबा नसलेला माणूस दुसऱ्या कोणाचा तरी प्रजाजन झालेलाच असतो. स्नानसंस्कारात अभिषेकाचे तेल लावताना आपल्याला याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताशी जोडले जाते. त्यातले आपले राजेपण म्हणजे मुख्यतः हा स्वतःवरचा ताबा आणि दुसऱ्याची सेवा. पण एकदम दहा नेम धरू नका. दहा नेम नाताळपर्यंत टिकत नाहीत आणि ते सुटले की रोझरीही सुटते. रोझरी चालू ठेवा आणि तिच्यात एकच भर घाला: सुरुवातीला पाच-दहा ओळी शुभवर्तमान.

तसबीर नवी आणणार आहात, तर घराचे पवित्र हृदयाला समर्पण पुन्हा करण्याची ही चांगली संधी आहे. वडिलांनी ते विधिपूर्वक केले होते का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. झाले नसेल तर पहिल्यांदा करण्याच्या दिवशी कुटुंबीयांना नेहमीच्या अटींवर पूर्ण दंडमाफी आहे. शक्य असेल तर धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक) यांच्या हस्ते करायचे आणि मान्यताप्राप्त प्रार्थना तसबिरीसमोर भक्तीने म्हणायची, एवढेच त्यासाठी लागते. फादरांना निदान दोन आठवडे आधी सांगा, सणाच्या दिवशी त्यांना सवड नसते. आदल्या दोन-तीन दिवसांत घरातल्या सर्वांनी पापनिवेदन करावे. त्या दिवशी घराला व तसबिरीला आशीर्वाद, मग तसबीर घरातल्या मुख्य जागी ठेवणे, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना), समर्पणाची प्रार्थना, आणि घरातल्या मृतांसाठी व दूर असलेल्यांसाठी एक प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटे लागतात. जागा अशी निवडा जिथे घरचे लोक बसतात, बोलतात, भांडतात. पाहुण्यांनाच दिसेल अशा कोपऱ्यात ती शोभेची होते.

मुलाला बोलवा, पण ओढू नका. तो गप्प उभा राहिला तरी चालेल. त्याच्या वतीने तुम्ही 'हो' म्हणू शकत नाही. ते त्याने स्वतः म्हणायचे असते, आणि तुमचा सोमवार कसा गेला हे पाहूनच तो ते ठरवील.

जुनी तसबीर बहुधा आशीर्वाद दिलेली असेल, म्हणून ती कचऱ्यात टाकू नका, झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेलाही ठेवून देऊ नका. नुसती काच बदलून भागत असेल तर चौकटीच्या दुकानात तेवढेच करून घ्या. चित्र विटले असले तरी वडिलांचे आहे, ते दुसऱ्या खोलीत राहू शकते. पार ओळखू येत नसेल तर चित्र चौकटीतून काढून घरीच आदराने जाळा आणि राख मातीत पुरा. फुटलेली काच वेगळी गुंडाळून टाकायला हरकत नाही. चौकट लाकडी असेल आणि चांगली असेल, तर नवे चित्र त्याच मापाचे घ्या.